पाइपलाइन कुणाची आणि सार्वजनिक हित कुणाचे?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ज्या गावांतून गॅसच्या लाइनी गेल्या आहेत, तेथे भाताच्या खाचरात बांधाला लागून पिवळे खांब उभे आहेत. येथे खोदू नका, खाली उच्च दाबाची वायुवाहिनी आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो आणि शेवटी एक फोन नंबर असतो. शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणतो, "लाइन गेलीय आपल्यातून." जमीन गेली का? नाही. विकली का? नाही. सातबारा अजून त्याच्याच नावावर आहे, शेतसाराही तोच भरतो. फक्त इतर हक्काच्या रकान्यात एक ओळ वाढली आहे. त्या एका ओळीने त्या पट्ट्यावर घर बांधण्याचा, विहीर खणण्याचा आणि आंब्याचे कलम लावण्याचा त्याचा अधिकार कायमचा गेला आहे. आज आम्ही लिहीत आहोत ते या ओळीविषयी.

रायगडच्या या आतल्या भागाला पाइपलाइन नवी नाही. आंध्रच्या काकीनाड्याहून गुजरातच्या भरूचकडे जाणारी सुमारे १४०० किलोमीटरची पूर्व-पश्चिम वायुवाहिनी सह्याद्री उतरून कर्जत तालुक्यातून पुढे ठाणे जिल्ह्यात गेली, ती २००९ साली सुरू झाली. त्यानंतर उत्तरेकडून, गुजरातच्या दहेजहून रोहा तालुक्यातील नागोठण्यापर्यंत इथेन वायूची लाइन आली. एक वाहिनी येऊन गेली की दुसरीला त्याच वाटेने जाणे सोपे पडते. सर्वेक्षण झालेले असते, माणसे ओळखीची झालेली असतात, विरोध थकलेला असतो. म्हणून पुढची लाइन येण्याआधी मागच्या लाइनींचा हिशेब मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आम्हाला विकासविरोधी ठरवायला काही मंडळी टपलेलीच आहेत. आंबेडकरी चळवळ गॅसच्या विरोधात नाही, विजेच्या विरोधात नाही, कारखान्यांच्याही विरोधात नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय या देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगाशिवाय दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. पण त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली राज्यघटनेसाठी जो मसुदा दिला, त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली होती. त्यांना ऊर्जा हवी होती. ती कुणाच्या मालकीची आणि कुणासाठी, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही, आणि आमच्या आजच्या पुढाऱ्यांनी तो कधी उचलला नाही.

या भागाने ऊर्जेसाठी काय दिले ते पाहा. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२ साली. घाटावरची गावे धरणांखाली गेली, पाणी घाटाखाली पडले, वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे निघून गेली. ज्या वाड्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या, त्या वाड्यांत दिवा लागायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. पूर्वी ऊर्जा डोक्यावरून गेली, आता पायाखालून जाते, एवढाच फरक. (भिवपुरीचे वापरून झालेले पाणी राजनाल्याला मिळाले आणि कर्जतला उन्हाळी भात पिकू लागले, हे मात्र खरे. नदीत सोडून द्यायचे पाणी होते म्हणून ते मिळाले. गॅस कुणी असा सोडत नाही.)

आता कायद्याकडे येऊ. कार्यकर्त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. पाइपलाइनसाठी जमीन घेतली जाते ती भूसंपादन कायद्याने नव्हे. १९६२ सालचा पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन अधिनियम आहे. या कायद्याने सरकार जमीन घेतच नाही, जमिनीतला "वापराचा हक्क" घेते. सार्वजनिक हितासाठी पाइपलाइन आवश्यक आहे असे केंद्र सरकारला वाटले की कलम ३ खाली राजपत्रात अधिसूचना निघते. हरकत घ्यायला कलम ५ खाली २१ दिवस मिळतात. मग कलम ६ खाली घोषणा होते आणि तो हक्क सरकारकडे जातो, किंवा सरकारच्या आदेशाने थेट लाइन टाकणाऱ्या कंपनीकडे जातो. कंपनी सरकारी असो की खासगी, कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. कलम ९ प्रमाणे मालकाने जमीन पूर्वीसारखी कसावी, पण बांधकाम करू नये, विहीर-तलाव खोदू नये, बांध घालू नये, झाड लावू नये. म्हणजे शासनाची एक योजना शेतकऱ्याला शेततळे घ्या म्हणते आणि शासनाचाच दुसरा कायदा त्या पट्ट्यात ते घेऊ देत नाही.

मोबदला किती? खोदकामात पीक, झाड, बांध यांचे जे नुकसान होईल ते, आणि त्याशिवाय अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के. समजा, दहा गुंठ्यांचा पट्टा गेला आणि भाव गुंठ्याला एक लाख धरला, तर एक लाख रुपये मिळतील. एकदाच. पुढच्या पिढीला काही नाही, भाव वाढला तरी काही नाही. १९६२ साली जेव्हा कोरडवाहू शेतावर नांगराशिवाय दुसरे काही होणार नव्हते, तेव्हा हे १० टक्के कदाचित कुणाला वाजवी वाटलेही असतील. आज कर्जत-खालापुरात मुंबईकरांचे फार्महाऊस आहेत, बिल्डरांच्या वसाहती आहेत, गुंठ्यावर सौदे होतात. ज्या शेतकऱ्याकडे सगळी मिळून वीस गुंठे आहेत आणि मधोमध लाइन गेली आहे, त्याचे सगळे शेतच विक्रीला निकामी झाले. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, पुनर्वसन आले. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायद्यांना बाजूला ठेवले गेले आणि त्यांत हा १९६२ चा कायदा आहे. २०१५ साली केंद्राच्या आदेशाने त्या तेरा कायद्यांखालील संपादनाला मोबदल्याच्या नव्या तरतुदी लावल्या गेल्या. पण येथे संपादनच होत नाही, केवळ वापराचा हक्क घेतला जातो, हा युक्तिवाद कंपनीच्या वकिलाच्या खिशात तयारच असतो.

शिवाय भाताच्या खाचराचे नुकसान एका हंगामाचे नसते. खाचर पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तयार होते, तेव्हा कुठे त्यात पाणी थांबते. यंत्राने दोन मीटर खोल चर मारला, खालचा मुरूम वर आला आणि वरची माती खाली गेली, की पुढची काही वर्षे त्या पट्ट्यात पाणी ठरत नाही. पंचनामा करणारा त्या वर्षीचे पीक लिहितो. मुरलेल्या पाण्याचा पंचनामा कुणी करीत नाही.

आमच्या एका कार्यकर्त्याच्या चुलत्याचे खालापूर तालुक्यातले शेत असेच गेले. कोणत्या लाइनमध्ये, ते येथे महत्त्वाचे नाही. चुलते सांगत होते, "साहेब बोलले, बाबा, काय जात नाय तुमचं, वरून शेती करा, खालून आमची लाइन. मी बोललो, मंग खालून माझी विहीर का नाय? तर हसले." ही जमीन महार वतनाची. बाबासाहेबांनी १९२८ पासून वतनाच्या गुलामीविरुद्ध कायदेमंडळात झगडा केला, अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर आमच्या लोकांच्या नावे झाल्या. ती जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बिगरशेती करायची तरी परवानगी लागते. कंपनीला मात्र त्याच जमिनीत शिरायला जमीनमालकाचीसुद्धा परवानगी लागत नाही!

कुलाबा जिल्ह्याला हा खेळ ओळखीचा आहे. खोतही जमिनीचा मालक नव्हता, तो सरकार आणि रयत यांच्या मधला हक्कदार होता. त्या हक्काच्या जोरावर त्याने रयतेला नागवले. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला, बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. खोताला निदान दरवर्षी येऊन वाटा मागावा लागत होता. या नव्या हक्कदाराला एकदाच यावे लागते.

आणि ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाहीच, त्यांचे काय? मोबदला मिळतो तो जमिनीत हितसंबंध असलेल्याला, आणि व्यवहारात तो हितसंबंध कागदावरून ठरतो. कर्जत-खालापुरातल्या कातकरी बांधवांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत, त्यांना गावठाण नाही. दोन-तीन पिढ्या राहूनही ते कागदावर नाहीत. येथे कायद्यातली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी गाठीशी बांधावी. कलम ७ म्हणते की अधिसूचनेच्या लगतपूर्वी जी जमीन राहण्यासाठी वापरात होती, तिच्याखालून पाइपलाइन टाकता येणार नाही. पक्के बांधकाम असलेल्या जमिनीखालून नाही, घराला लागून असलेल्या जमिनीखालूनही नाही, आणि पृष्ठभागापासून एक मीटरहून कमी खोलीवर कुठेही नाही. कायद्याचा शब्द "वापर" आहे, "गावठाण" नाही. झोपडी कुडाची आहे, नोंद नाही, असे सांगून कुणी वाडीतून आखणी करीत असेल तर त्याला हे कलम दाखवले पाहिजे.

पण दाखवणार कधी? राजपत्र निघते हिंदी आणि इंग्रजीत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अधिसूचना डिसेंबरात निघाली तर एकवीस दिवसांत वाडीवर असतात म्हातारी माणसे आणि कुत्री. ज्याच्यापुढे हरकत मांडायची त्या सक्षम प्राधिकाऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरातमधील एका प्रकरणात महत्त्वाचे सांगितले आहे. हा कायदा घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने म्हटले, पण मोबदला ठरवणारा माणूस न्यायिक पदावरचा किंवा कायद्याचे प्रशिक्षण घेतलेला असला पाहिजे, एरवी ते समतेच्या तत्त्वाशी सुसंगत होणार नाही, असेही म्हटले. म्हणजे १९६२ पासून २०१६ पर्यंत चौपन्न वर्षे ही अट कायद्यात कुणाला वाचता आली नव्हती.

वनजमिनीची कथा आणखी वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रक काढले की वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती हवी. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी दुसरे पत्र निघाले आणि रस्ते, कालवे, पाइपलाइन, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना त्या संमतीतून सूट मिळाली. मात्र त्याच पत्रात अपवाद होता: आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना बाधा येत असेल तर ही सूट नाही. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे कर्जत-खालापुरात हा अपवाद अगदी नेमका लागू पडतो, पण हक्क "मान्य झालेले" असतील तरच. वनहक्काचे दावे पडून राहिले की अपवादही पडून राहतो. त्यात रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या शहापुरातल्या आदिवासीला पेसा कायद्याची ग्रामसभा आहे, कर्जतच्या आदिवासीला नाही. डोंगर तोच, जमात तीच.

पर्यावरण मंजुरीचेही असेच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पाइपलाइनला पूर्वमंजुरी लागते ती अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जाणार असेल तर. माथेरानचा डोंगर २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, ते असावेच. पण डोंगराखालच्या माणसासाठी तेवढी संवेदना अधिसूचनेत नाही.

आता धोक्याविषयी. आमच्या मते हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनचे पोलाद किती जाड असावे, हे वस्ती पाहून ठरते. जगभर चालणारे एक अमेरिकन प्रमाणक आहे आणि आपल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे २००९ चे नियम तीच पद्धत वापरतात. लाइनच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मीटर आणि लांबीला सुमारे दीड किलोमीटर एवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातली राहती घरे मोजायची. दहापर्यंत घरे असतील तर वर्ग एक. सेहेचाळीस किंवा त्याहून जास्त असतील तर वर्ग तीन. बहुमजली इमारती असतील तर वर्ग चार. तेच पोलाद, तोच दाब धरला तर वर्ग तीनमधला पाइप वर्ग एकपेक्षा सुमारे दीडपट जाड लागतो, वर्ग चारमधला पावणेदोनपटीहून थोडा अधिकच. गॅस तोडणारे व्हॉल्व्हही तसेच. वर्ग एकमध्ये दोन व्हॉल्व्हमधले अंतर ३२ किलोमीटरपर्यंत चालते, वर्ग चारमध्ये ८.

अभियंते म्हणतील, यात जातीचा काय संबंध, हे तर संभाव्यतेचे गणित आहे. माणसे कमी तेथे मनुष्यहानी कमी. गणित बरोबर आहे. पण नऊ झोपड्यांच्या ठाकूरवाडीत राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाहा. तिच्या शेजारी किती लोक राहतात यावरून तिच्या पायाखालचे पोलाद पातळ झाले. ती ज्या शहरात धुणीभांडी करायला जाते, तेथे तिच्या मालकिणीच्या पायाखालचे जाड आहे. आणि ही वस्ती विरळ का, हे गणित विचारीत नाही. गावाबाहेर, डोंगराच्या उतारावर, जेथे दुसऱ्या कुणाला राहायचे नव्हते तेथे या लोकांना राहावे लागले म्हणून ती विरळ आहे. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात प्रत्येकाचे मूल्य समान राहील आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते आपण नाकारीत राहू. हे मूल्य मिलिमीटरमध्येही मोजता येते, हे आम्हाला हे नियम वाचल्यावर कळले.

अपघात होत नाहीत असे नाही. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावी सरकारी कंपनीची गॅस लाइन पहाटे फुटली, आग लागली आणि वीसहून अधिक माणसे मेली. तेथे लाइन गंजली होती. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. घरगुती गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर निघून जातो. नागोठण्याला जाणारा इथेन हवेच्याच वजनाचा आहे, तो तसा चटकन वर जात नाही. ही माहिती पिवळ्या खांबावर नसते. आणि आमच्या भागात डोंगर स्थिर उभे आहेत असे तरी कोण म्हणेल? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाडीवर गाडीचा रस्ता नव्हता, मदतीची माणसे चिखलातून चालत वर गेली. अशा डोंगरांच्या पायथ्याशी लाइन फुटली तर बंब कुठून येणार, किती वेळात येणार, वाडीतल्या लोकांनी कोणत्या दिशेला पळायचे, याचा सराव किती वाड्यांत झाला आहे ते संबंधित कंपन्यांनी आणि तहसीलदारांनी जाहीर करावे.

एवढे सोसायचे ते कुणाच्या हितासाठी? मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन अंबानी बंधूंच्या कंपन्यांच्या वादात निकाल दिला की नैसर्गिक वायू ही जनतेची संपत्ती आहे, सरकार तिचे विश्वस्त आहे. ऐकायला छान वाटते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ज्या गॅससाठी पूर्व-पश्चिम लाइन टाकली, त्याचे उत्पादन २०१० मध्ये दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरवर गेले आणि सहा-सात वर्षांत १ कोटीच्याही खाली आले. लाइन बरीचशी रिकामी, शेतकऱ्यावरचे निर्बंध मात्र पूर्ण. २०१९ साली ती लाइन ब्रूकफिल्ड या कॅनडाच्या कंपनीने उभारलेल्या ट्रस्टला १३ हजार कोटी रुपयांना गेली. शेतकऱ्याच्या वापराच्या हक्कावर उभी असलेली वस्तू तेरा हजार कोटींना विकली जाते, आणि त्या शेतकऱ्याला त्याच्या १० टक्क्यांपलीकडे छदाम मिळत नाही.

इथेनची गोष्ट तर आणखी उघड आहे. अमेरिकेहून जहाजाने दहेजला येणारा हा वायू कुणाच्या चुलीत जळत नाही, तो प्लास्टिकचा कच्चा माल आहे. नागोठण्याचा कारखाना आयपीसीएल या सरकारी कंपनीचा होता. रायगडच्या जमिनी सरकारी प्रकल्पासाठी म्हणून दिल्या गेल्या, तेथे आमच्या मुलांना आरक्षण होते. २००२ साली सरकारने कंपनीचे नियंत्रण रिलायन्सला दिले, २००७ साली ती त्यात विलीन झाली, आरक्षण संपले. खासगी कारखान्याचा कच्चा माल सार्वजनिक हित ठरत असेल, तर त्या कारखान्यातली नोकरी सार्वजनिक का ठरत नाही, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

२०१५ पासून रायगड जिल्ह्यात महानगर गॅसला घरोघरी पाइप गॅस देण्याची परवानगी आहे, वसाहतींत तो येतोही. ज्या वाड्यांच्या शेजारून मोठ्या लाइनी जातात, तेथे उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, कारण तो भरून आणायला पैसे नसतात, आणि बाया रानातून लाकडाची मोळी घेऊन येतात. मोळी घेऊन येताना त्या पिवळ्या खांबावरूनच येतात.

पुढची लाइन येईल तेव्हा मोबदला एकरकमी नव्हे तर दरवर्षी भाडे म्हणून मागावा, वस्ती कितीही विरळ असली तरी वाडीजवळून वर्ग तीनचाच पाइप मागावा, आणि राजपत्राची मराठी प्रत प्रत्येक वाडीत वाचून दाखवल्याशिवाय २१ दिवस मोजायला सुरुवात करू नये, असे ठराव आतापासूनच ग्रामसभांत व्हायला हवेत. नेहमीच्या ग्रामसभा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिल्या दोन सभांच्या वेळी कातकरी भट्टीवर असतात. म्हणून कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी हे ठराव १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावेत, आणि तेथे कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर २ ऑक्टोबरच्या सभेला वाडीवरच्या सगळ्यांना घेऊन जावे. त्यानंतर भट्टीवाल्यांचे ट्रक यायला लागतात.